पुण्यात शिकायला आलेल्या मुलामुलींचे मार्गदर्शक होताना: पहिल्या वर्षाची तयारी

जुलै-ऑगस्टमध्ये स्वारगेटला आणि वाकडेवाडीला एसटीतून ट्रंका, गाद्या घेऊन उतरणाऱ्या मुलांमध्ये अनेक जण घरातून कॉलेजात जाणारे पहिलेच असतात. लातूर, बीड, यवतमाळ, नंदुरबारहून आलेली ही मुले बारावीला चांगले गुण मिळवूनच येतात. हुशारी त्यांच्याकडे असते. विचारायला माणूस नसतो. केटी लागली, म्हणजे एखादा विषय राहिला, तर वर्ष जाते का? टर्म ग्रांट, म्हणजे परीक्षेला बसण्याची कॉलेजची मंजुरी, कशामुळे अडते? स्कॉलरशिपचा अर्ज परत आला म्हणजे नाकारला का? मेसवाला तीन महिन्यांचे आगाऊ पैसे मागतो, ते द्यावेत का? कोथरूडमध्ये नोकरदार आईबापांच्या घरी वाढलेल्या मुलाला अशा प्रश्नांची उत्तरे रात्रीच्या जेवणात मिळून जातात. गावाकडून आलेल्या मुलासाठी त्या ताटाजवळच्या माणसाची जागा भरणे, हे मार्गदर्शकाचे काम आहे. त्यासाठी विद्वत्ता लागत नाही, पण नियमितपणा फार लागतो.

हा लेख नोकरी-व्यवसायात स्थिरावलेल्या, आपल्याला मिळालेले पुढे द्यावे असे वाटणाऱ्या, पण सुरुवात कुठून करायची हे न समजलेल्या माणसांसाठी आहे.

पहिली पायरी: वेळेचा हिशोब

दर पंधरा दिवसांनी दीड तासाची एक भेट आणि मधल्या आठवड्यात दहा मिनिटांचा एक फोन, एवढे किमान धरा. वर्षाच्या सव्वीस भेटींचे ३९ तास आणि फोनचे चार-साडेचार तास होतात. म्हणजे सगळे मिळून वर्षाला पंचेचाळीस तासांच्या आतले काम आहे. मात्र ते वर्षभर, ठरलेल्या दिवशी व्हायला हवे. 'वेळ मिळेल तसे भेटू' या बोलीवर सुरू झालेले नाते दिवाळीच्या सुट्टीनंतर बहुधा पुन्हा सुरू होत नाही.

अर्धवट सोडण्याचे नुकसान आपल्याला वाटते त्याहून मोठे असते. जीन ग्रॉसमन आणि जीन रोड्स या अमेरिकी संशोधक महिलांनी २००२ साली शालेय वयाच्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकलेल्या मार्गदर्शनाचा फायदा सर्वांत ठळक दिसला. ज्यांची नाती पहिल्या तीन महिन्यांतच तुटली, त्या मुलांचा आत्मविश्वास उलट खालावला. हे समजण्यासारखे आहे. ज्या मुलाला आधीच वाटते आहे की या शहरात आपले कोणी नाही, त्याला आलेला माणूसही निघून गेल्याचा अर्थ स्वतःकडे बोट दाखवूनच लागतो.

म्हणून येत्या वर्षात बदली, परदेशी प्रोजेक्ट, घरातले लग्न, स्वतःच्या मुलाची दहावी-बारावी असे काही दिसत असेल तर यंदा थांबा. तोवर संस्थेसाठी दुसरे काही करा: अर्ज भरण्याच्या शिबिराला एक रविवार द्या, मुलाखतीच्या सरावाला बसा. त्याचीही गरज असते आणि त्यात कोणाचा हात मध्येच सोडावा लागत नाही.

दुसरी पायरी: जोडणी संस्थेमार्फत करा

ओळखीच्या ओळखीतून थेट एखादा मुलगा शोधू नका. मधे तिसरा माणूस असावा लागतो. काही बिनसले तर मुलाला तक्रार करायला जागा हवी आणि तुम्हाला सल्ला घ्यायला. पुण्यात ही परंपरा जुनी आहे. गरीब विद्यार्थ्यांनी वार लावून (रोज एकेका ठरलेल्या घरी जेवून), माधुकरी मागून शिकण्याच्या काळात, १९०९ साली इथे अनाथ विद्यार्थी गृह सुरू झाले. तेच आजचे पुणे विद्यार्थी गृह. विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ पासून ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींसाठी वसतिगृहे चालवते. अशी वसतिगृहे, तुमच्या स्वतःच्या कॉलेजचे माजी विद्यार्थी मंडळ, कॉलेजातले राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी, यांपैकी कोणाकडेही चौकशी करता येते.

जाण्यापूर्वी चार गोष्टी विचारून घ्या: मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांच्यामधला समन्वयक कोण, भेटी कुठे घ्यायच्या, पैशांबाबतचा नियम काय, आणि जोडी जमली नाही तर बदलण्याची सोय आहे का. चौथ्या प्रश्नावर जिथे लोक गोंधळतात, तिथे आधी ती सोय करून घ्या.

शाखा एकच असली पाहिजे असे नाही. सिव्हिल इंजिनिअरिंगच्या मुलाला बँकेत काम करणारी बाई उत्तम मार्गदर्शन करू शकते, कारण पहिल्या वर्षाचे बहुतेक प्रश्न सिव्हिलचे नसतातच. मुलीसाठी शक्यतो स्त्री मार्गदर्शक असावी. घरच्यांना विश्वास वाटतो आणि राहण्याच्या अडचणी मुलगी मोकळेपणाने सांगू शकते.

दहावीनंतर पॉलिटेक्निकला किंवा आयटीआयला आलेली मुले पंधरा-सोळा वर्षांची असतात, हे अनेकदा विसरले जाते. अठराच्या आतल्या विद्यार्थ्यासाठी पालकांची लेखी संमती घ्या. भेटी वसतिगृहाच्या किंवा संस्थेच्या उघड्या जागेत घ्या, गाडीवर किंवा कारने एकट्याला फिरवू नका, रात्री उशिरा मेसेज करू नका. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले किंवा तशी शंका आली, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. 'कोणाला सांगणार नाही' असे वचन म्हणूनच आधी देऊ नये. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक मुलाच्या फोनमध्येही असू द्या.

तिसरी पायरी: पहिली भेट

जागा स्वस्त निवडा. फर्ग्युसन रस्त्यावरच्या महागड्या कॅफेत मुलाचे अर्धे लक्ष मेनूकार्डावरच्या आकड्यांकडे असते. कॉलेजचा कट्टा, वसतिगृहाचे आवार, अमृततुल्यचा चहा घेऊन बागेतला बाक, काहीही चालेल. तुमच्या घरी पहिल्याच वेळी नेऊ नका. घराचा आकार पाहून मुले गप्प होतात.

मुले 'सर', 'मॅडम' म्हणतील. काही दिवसांनी आपसूक 'दादा', 'ताई', 'काका' होईल. ते मागून घेऊ नका. पण पहिल्या आठवड्यातच मुलासमोर, त्याच्याच फोनवरून आईवडिलांशी बोला. नाव, गाव, नोकरी, मुलाला किती वेळाने भेटणार, सगळे सांगा आणि आपला नंबर द्या. 'पुण्यात आमच्या पोराला कोण भेटतं' ही शंका त्यांच्या मनात असतेच, फक्त ते विचारत नाहीत.

'आयुष्यात काय बनायचंय?' हा प्रश्न पहिल्या भेटीत टाळा. त्याचे पाठ केलेले उत्तर येते आणि गप्पा तिथेच थांबतात. त्याऐवजी दिवसाबद्दल विचारा. सकाळी किती वाजता उठतोस? कॉलेजला बसने जातोस की चालत? खोलीत किती जण? मेस एक वेळची की दोन वेळची? कोणत्या तासाला काहीच कळत नाही? सकाळी अकरापर्यंत पोटात काही नसते, कॉट बेसिसवरच्या (फक्त कॉटपुरते भाडे असलेल्या) खोलीत सहा जण आहेत आणि दिवा रात्री दहाला बंद होतो, असे कळले की 'अभ्यासात लक्ष लागत नाही' या तक्रारीचा अर्थ बदलतो. अशा वेळी घराजवळची अभ्यासिका शोधणे हा पहिला सल्ला ठरतो.

दीड तासातला निदान एक तास मुलाने बोलावे. सुरुवातीला दोन-दोन मिनिटांची शांतता येईल. ती भरून काढण्याच्या नादात माणूस स्वतःच्या संघर्षाची कहाणी सुरू करतो आणि भेट व्याख्यान होऊन जाते. शेवटची दहा मिनिटे राखून ठेवा. एका वहीत तारीख, मुलाने करायच्या दोन गोष्टी, तुम्ही करायची एक गोष्ट आणि पुढच्या भेटीचा दिवस लिहा. वही मुलाकडे राहू द्या.

चौथी पायरी: कागद आधी

पहिले दोन महिने बाकी सगळे बाजूला ठेवून कागदपत्रांना द्या. हे काम रुक्ष आहे, पण नवख्या मार्गदर्शकाच्या हातून होणारी सर्वांत मोठी मदत इथेच असते. अनेक मुलांचे शिक्षण अभ्यासापेक्षा पैशांच्या तारखांमुळे अडते.

एका बैठकीत मुलाची फाइल उघडून पाहा: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जात प्रमाणपत्र, जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर, प्रवेश शुल्काची पावती, बँक पासबुक, आधार. प्रत्येकाची मुदत वहीत लिहा. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर सहसा ३१ मार्चपर्यंत चालतात. ते गावच्या तहसीलमधून येतात. म्हणजे दिवाळीला घरी गेल्यावर करायचे काम कोणते, हे सप्टेंबरातच ठरायला हवे. जात वैधता मूळ जिल्ह्यासाठी नेमलेल्या समितीकडून मिळते आणि तिला वेळ लागतो. 'अर्ज केलाय' एवढ्यावर समाधान मानू नका, पावती पाहा.

राज्याच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर भरायचे. कोणती लागू होईल ते प्रवर्ग, उत्पन्न आणि अभ्यासक्रमावर ठरते. अनुसूचित जातीसाठीच्या भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला ती आठ लाख आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुण्यासारख्या मोठ्या शहरांसाठी त्यात भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,००० असे वर्षाला ६०,००० रुपये धरले आहेत. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयंम्, इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) मुलींना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून (कॅप) मिळालेल्या व्यावसायिक प्रवेशासाठी शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तरीही कॉलेज रक्कम मागत असेल, तर ती नेमकी कशाची हे लेखी विचारायला मुलीला शिकवा. अटी आणि तारखा दरवर्षी पोर्टलवरच पाहा, मागच्या वर्षीच्या व्हॉट्सॲप मेसेजवर जाऊ नका.

आता अर्ज कुठे फसतात ते. आधारला वडिलांचा मोबाइल जोडलेला असतो आणि वडील शेतात असतात, त्यामुळे ओटीपी वेळेत येत नाही. यावर उपाय एकच: मुलाने आधार केंद्रात जाऊन स्वतःचा नंबर जोडणे. दुसरे, खात्याला आधार 'लिंक' असणे आणि ते थेट लाभासाठी 'सीड' असणे (म्हणजे सरकारी पैसे त्याच खात्यात जमा होण्याची नोंद असणे) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीडिंग एका वेळी एकाच खात्याला राहते. पुण्यात नवे खाते उघडताना अर्जावर खूण केली की ते तिकडे सरकू शकते, आणि मूल गावच्या पासबुकात पैसे शोधत बसते. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती पाच मिनिटांत पाहता येते. ती भेटीतच पाहा. तिसरे, अर्ज आधी कॉलेजच्या लिपिकाकडे आणि मग विभागाकडे जातो. त्रुटी असेल तर तो कारण लिहून परत पाठवला जातो. मुलांना वाटते अर्ज नाकारला. वास्तविक कागद दुरुस्त करून मुदतीत पुन्हा पाठवायचा असतो. दर भेटीला अर्जाची स्थिती पाहण्याची सवय लावा. चौथे, पुढच्या वर्षी नूतनीकरण करावे लागते. ते आपोआप होत नाही.

हे सगळे तुम्ही भरून देऊ नका. शेजारी बसा, कीबोर्ड मुलाच्या हातात द्या. उशीर होईल, पण पुढच्या वर्षी तुमची गरज लागणार नाही.

पाचवी पायरी: इंग्रजी आणि पहिला निकाल

मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला अभियांत्रिकी, फार्मसी किंवा विज्ञानाच्या वर्गात विषयापेक्षा त्याच्या भाषेची धास्ती असते. 'इंग्लिश स्पीकिंग'चा महागडा क्लास लावण्याची घाई इथे होते. त्याने पहिल्या सत्रात फारसे साधत नाही, कारण अडचण बोलण्याच्या आधी वाचण्याची असते. रोज वीस मिनिटे पाठ्यपुस्तकाचे एक पान मोठ्याने वाचायचे, अडलेले शब्द वहीत लिहायचे, त्या पानाचा अर्थ मराठीत चार ओळींत मांडायचा आणि मग त्याच चार ओळी इंग्रजीत लिहायच्या. दोन महिने हे टिकले की तासाला ऐकलेले ओळखीचे वाटू लागते. प्रश्नपत्रिकेतली क्रियापदे वेगळी शिकवा: डिफाइन, डिराइव्ह, कम्पेअर, जस्टिफाय. 'कम्पेअर'ला दोन रकाने करावे लागतात, हे माहीत नसल्याने येत असलेल्या उत्तराचे गुण जातात.

मागच्या चार-पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका ऑक्टोबरपर्यंत हातात असाव्यात. जर्नल, सबमिशन, हजेरी या तीन गोष्टींवर टर्म ग्रांट अवलंबून असते आणि अभ्यासू मुलेही तिथे अडकतात. तुम्हाला गणित शिकवता येत नसेल तर हरकत नाही. एक-दोन वर्षे पुढचा सीनियर शोधून द्या.

निकालाच्या दिवशी फोन करा. बारावीला ऐंशी टक्के मिळवलेल्या मुलाला पहिल्या सत्रात दोन विषयांत केटी लागणे अजिबात दुर्मीळ नाही, पण त्याला ते जगबुडीसारखे वाटते. घरी सांगितलेले नसते. आधी ऐका. मग नियम समजावून सांगा: किती विषय राहिले तरी पुढच्या वर्षाला जाता येते, उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन कसे मागायचे. त्याची मुदत थोड्या दिवसांचीच असते. घरी सांगायचे काम मुलाचेच, पण त्याला हवे असेल तर फोनच्या वेळी शेजारी बसा.

पैशांबद्दल एक कडक नियम

रोख किंवा उसने पैसे देऊ नका. हे पहिल्या भेटीतच, संस्थेचा नियम म्हणून सांगून टाका. दोन हजार रुपये घेतलेले मूल ते परत करता येईपर्यंत भेटायला येत नाही. रक्कम बुडते त्याचे काही नाही, पण माणूस तुटतो. खरी नड असेल तर समन्वयकाला सांगा. संस्थेच्या निधीतून शुल्क थेट कॉलेजच्या खात्यात जाऊ दे. तुम्हाला द्यायचेच असेल तर त्या निधीत द्या, मुलाला कळू न देता. विद्यापीठाची 'कमवा व शिका' योजना कॉलेजात आहे का, तेही पाहा. कॉलेजातच थोडे तास काम मिळाले तर रात्री उशिरापर्यंत पार्सल पोहोचवण्याची वेळ येत नाही.

सहावी पायरी: दारे उघडा, पण उंबरठा मुलाने ओलांडावा

दुसऱ्या सत्रात एकदा तुमच्या कामाच्या ठिकाणी न्या. हिंजवडीचे ऑफिस असो, भोसरीचे वर्कशॉप किंवा बँकेची शाखा. लोक काय घालतात, कसे बोलतात, चूक झाली तर साहेबाला काय सांगतात, हे दोन तास नुसते पाहणेही मोठे शिक्षण असते. मग तुमच्या ओळखीच्या दोन माणसांशी गाठ घालून द्या. त्यातला एक मुलाच्या शाखेतला आणि शक्यतो त्याच्याच भागातून आलेला असावा. भेटीची विनंती करणारा मेसेज मुलाने लिहावा. तुम्ही वाचून द्या, बदलून लिहू नका. ओळख करून देणे आणि शिफारस करणे यांत फरक ठेवा. काम पाहिल्याशिवाय केलेली शिफारस तुमच्या शब्दाची किंमत घालवते आणि पुढच्या मुलाचे दार बंद करते.

मूल गप्प झाले तर

हे होणारच. फोन उचलला जात नाही, 'परीक्षा आहे' असा मेसेज येतो, भेट टळते. माणसाला अपमान वाटतो आणि तोही गप्प बसतो. मौनामागे बहुतेकदा केटी, न भरलेले शुल्क किंवा घरातला प्रसंग असतो, आणि तोंड दाखवायची लाज. एक साधा मेसेज पाठवा: 'रविवारी नेहमीच्या जागी अकराला आहे, काही तयारी नको.' चार दिवसांत उत्तर नाही आले तर फोन करा. तरी नाही, तर समन्वयकाला सांगा. ठरलेल्या दिवशी त्या जागी जाऊन बसाच.

झोप उडाली, जेवण सुटले, सामान वाटून टाकतोय, 'माझ्यामुळे घरच्यांना त्रास' असे बोलणे आले, तर समुपदेशकाची भूमिका घेऊ नका. मरणाचे विचार येतात का, हे सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत. 'हो' म्हटले तर एकटे सोडू नका, वसतिगृह अधीक्षकांना आणि घरी कळवा, डॉक्टरकडे न्या. टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास मोफत मिळते आणि मराठीत बोलता येते.

वर्ष संपताना

दहाव्या महिन्यात शेवटाची तारीख मोकळेपणाने बोला. पुढचे वर्ष चालू ठेवायचे का, हे दोघांनीही आपापले ठरवावे. थांबायचे असेल तर शेवटच्या तीन भेटींत वही पुन्हा वाचा आणि कोणत्या कामाला आता कोणाकडे जायचे ते नावानिशी लिहा: शिष्यवृत्तीचा लिपिक, विषयाचे सर, दोन सीनियर, संस्थेचा समन्वयक.

याच सुमाराला मुलावर एक काम सोपवा. जूनपासून येणाऱ्या नव्या मुलांपैकी एकाचा महाडीबीटी अर्ज त्याने शेजारी बसून भरून घ्यायचा. 'मोठा झाल्यावर समाजाचे ऋण फेड' असे सांगून काही होत नाही. नोकरी, लग्न, घराचे हप्ते यांत ते वर्षानुवर्षे पुढे जाते. एकोणिसाव्या वर्षी, खिशात पैसे नसतानाही, आपल्याजवळ दुसऱ्याला उपयोगी पडणारे काही आहे हे एकदा हाताला कळले की सवय लागते. शिवाय मागच्याच वर्षी सीडिंगच्या घोळातून गेलेल्या मुलाइतके नेमके तो घोळ कोणी सांगू शकत नाही. वसतिगृहाच्या समन्वयकाशी बोलून त्यासाठी एक खोली, दोन लॅपटॉप आणि जुलैमधला एक रविवार आधीच ठरवून ठेवा. एका मुलामागे दीड तास धरा. पहिल्या वेळी फक्त मागच्या भिंतीशी बसा आणि विचारले तरच उत्तर द्या.